शिडीचा गुडघा

माझी ताई खोटं बोलत नाही, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्रिन्सिपलपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. लोक तिला घाबरायचे ते त्यामुळेच. एखाद्या मुलीला बॉल झेपत नसेल तर ती मुलीच्या आईच्या तोंडावर सांगायची, "हिला विणकाम शिकवा, निदान स्वेटर तरी होईल." चौतीस वर्षं तिने त्या एका कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवला. मी धाकटी, नवऱ्याने टाकलेली, तिच्याच घरात राहणारी. दिवसा कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायचे आणि मॅच असली की स्कोअरच्या टेबलावर बसायचे.

कॉलेज म्हणजे चारशे डोकी आणि एक हॉल. तो पूर्वी गोदाम होता. छताच्या तुळया इतक्या खाली की लांबून उंच शॉट मारला की बॉल तुळईला थडकून मारणारीच्याच डोक्यात यायचा. त्यामुळे ताईच्या मुली सगळे शॉट सपाट मारायला शिकायच्या. बाहेर खेळायला गेलो की तेच सपाट शॉट रिंगच्या कडेवर आपटून परत यायचे आणि समोरच्या पोरी फिदीफिदी हसायच्या. आम्ही बहुतेक हरायचोच.

एखादी खरोखर चांगली निघाली, तर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या कॉलेजचा कोच तिला उचलायचा. त्यांच्याकडे वसतिगृह, फी माफ, लाकडी कोर्ट. उचलण्याआधी तो ताईला फोन करायचा, "मॅडम, मुलगी कशी आहे?" ताई खरं ते सांगायची. अशा अकरा मुली गेल्या. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय! त्यातल्या दोघी पुढे देशाच्या संघात गेल्या आणि पेपरात मुलाखत देताना गुरू म्हणून त्या कोचचं नाव घेतलं. ताईने तो पेपर डब्यांखाली अंथरला.

तिच्या नोकरीला एकवीस वर्षं झाली तेव्हा शिडी आली. शिंप्याची मुलगी, सहा फूट एक इंच, उंची लपवायला खांदे पाडून चालणारी. बापाने तिच्या प्रत्येक पँटला खाली दुसऱ्या कापडाची पट्टी जोडलेली. शिडी हे नाव ताईनेच ठेवलं, पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर. तुळयांची अडचण या पोरीला नव्हतीच, कारण तिला लांबून मारायची गरज नव्हती. दुसऱ्या महिन्यात एकदा तिने रिंगवरून परत आलेला बॉल एका हाताने हवेतच धरला, वळली आणि न बघता आत सोडला. ताईच्या तोंडात शिट्टी होती, ती वाजवायची राहून गेली. घरी आल्यावर ताई ताटावर नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "ही जायची नाही."

वर्षाअखेरीला फोन आला. मी तिच्याच खोलीत जर्सींना इस्त्री करत होते.

"उंची आहे हो," ताई फोनवर म्हणाली. "गुडघा नाही. उजवा. वर्षभरसुद्धा टिकायची नाही. तुमची जागा कशाला वाया घालवता?"

पलीकडच्याने आभार मानले. मुलगी बघायलासुद्धा कोणाला पाठवलं नाही, कारण मॅडमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकवीस वर्षांचं खरं तिने त्या एका फोनमध्ये खर्च केलं. शिडीचा गुडघा घोड्यासारखा होता.

"बघतेस काय?" ताई मला म्हणाली. "सात नंबर राहिलाय."

मी सात नंबरला इस्त्री केली. छप्पर तिचं होतं, आणि आमच्या कॉलेजला कधीच न मिळालेला आंतरकॉलेज कप मलाही हवा होता. लपवून काय करू?

मोठ्या कॉलेजातून विचारणा होते, हे मुलींना माहीत असायचं. शिडी महिनाभर रोज ऑफिसच्या खिडकीशी जाऊन कारकुनाला पत्राबद्दल विचारायची. शेवटी तिने ताईला गाठलं.

"मॅडम, माझ्याबद्दल विचारलं का हो त्यांनी?"

"विचारलं. नको म्हणाले."

तेही खरंच होतं, बघा! पोरगी म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं," आणि बॉल घेऊन कोर्टवर गेली. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं.

पुढची दोन वर्षं ताईने तिला रगडलं. उजवा हात टॉवेलने पाठीमागे बांधायचा आणि डाव्या हाताने दोनशे शॉट मारायला लावायचे. चुकली की, "उंची देवाने दिली, अक्कल द्यायला विसरला." कौतुकाचा एक शब्द नाही. मुलीला आपण बरं खेळतो असा संशय येऊ नये, एवढी काळजी ताईने घेतली. आणि तिसऱ्या वर्षी आम्ही आंतरकॉलेज कप जिंकलो. फायनलमधल्या आमच्या अठ्ठेचाळीसपैकी एकतीस पॉइंट शिडीचे, मीच मांडले. पोरींनी ताईला खांद्यावर घेतलं. परतताना बसमध्ये ताई शिडीला म्हणाली, "तीन फ्री थ्रो घालवलेस." शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

आमच्या कॉलेजातल्या खेळाडूला पुढे कोण बघतो? शिडी कुरियरच्या गोदामात कामाला लागली. वरच्या फळीवरचं काढायला तिला स्टूल लागत नाही, म्हणून तिथला साहेब खूश आहे. त्या कपाला अकरा वर्षं झाली. दुसरा कप आलाच नाही.

गेल्या महिन्यात ताई निवृत्त झाली. त्याच हॉलमध्ये निरोप समारंभ होता. शिडी गोदामाच्या गणवेशातच आली आणि चार शब्द बोलायला उभी राहिली. "मला कोणीच घेतलं नाही," ती म्हणाली. "मी काही चांगली खेळाडू नव्हते. मॅडमनी तरी ठेवून घेतलं." तिला रडू आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ताई मान हलवत राहिली.

जेवणानंतर बेसिनपाशी मी शिडीला सगळं सांगितलं. दयेपोटी नव्हे. ताईला सगळे डोक्यावर घेत होते, ते मला बघवेना.

शिडीने नळ बंद केला. "म्हणजे मी चांगली होते, मावशी?"

"होतीस."

"मॅडमना पण वाटायचं तसं?"

"ते तिलाच विचार."

ती खरंच गेली. ताई खुर्चीत बसून सुपारीचं खांड चघळत होती, मांडीवर पुष्पगुच्छ. शिडी तिच्यासमोर खाली उकिडवी बसली, तरी दोघींचे चेहरे समोरासमोर आले.

"मॅडम, मावशी म्हणतात माझा गुडघा बरा होता."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. नजर जराही खाली घातली नाही.

"बरा होता. चौतीस वर्षांत तुझ्यासारखी एकच आली."

मला वाटलं, शिडी आता थोबाडीत देईल. दिली असती तर मी अडवलं नसतं.

"हे मला तेव्हा एकदा तरी म्हणायचं होतं, मॅडम," ती म्हणाली. "गोदामातसुद्धा मी एवढ्यावर जगले असते."

"म्हटलं असतं," ताई म्हणाली, "तर तू गेली असतीस."