हितंच धर

काल गुडघा शेकायला मशिनीची गार जेली लावली आन् आमची कारभारीण आठवली. कुंभारी गावात विड्या वळून वळून तिचा खांदा धरला होता. तवा दवाखान्यातला मशीनवाला पोरगा शेकायचा दांडा तिच्या खांद्यावर फिरवत होता. तो फिरवायचाच असतो, एका जागी धरला की आतून भाजतं. ही म्हणाली, "फिरवू नगं लेकरा, हितंच धर, हितंच लई दुखतंय." त्यानं धरला. भाजायला लागलं तरी औषध लागू पडतंय असं वाटून ही गप्प. कातडीला टरारून आलेला फोड बघितला आन् मी त्याचा गळा आवळला, डोकं भिंतीवर आपटलं. त्याचे डोळे पांढरे झाले. तशी हिनं माझ्या मनगटाला रगत येईस्तोवर चावा घेतला. "मीच म्हनले की धर म्हणून, मला मारा!" हात सुटला. औंदा ती गेली. मनगटावरचा तिच्या दातांचा वण बी आता बुजत चाललाय.