डिंकाचा वास

आधी माफी मागतो. माझी शाळा कन्नडमध्ये झाली. मराठी मी घरात, गल्लीत आणि भांडणांत शिकलो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून लोकांना वाटतं याला लिहिता येत असेल. मला तशी खात्री नाही. आणि सांगायचं तरी काय, तर एका वासाची हकिकत. तरी तो दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

दसऱ्याच्या सुट्टीत मी कलबुर्गीहून घरी आलो होतो. आमचं गाव मादन हिप्परग्याच्या जवळ. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं सासर मुडबीचं. दाजी हैदराबादला कामाला. मागच्या खेपेला सातव्या महिन्यात तिचं मूल गेलं होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे, पण या वेळी आईनं बजावून ठेवलं होतं, मूल हातात येईपर्यंत घरात काही तयारी करायची नाही. पाळणा माळ्यावरून काढायचा नाही, दुपटी शिवायची नाहीत. बाळंतिणीच्या लाडवाचं सामान, डिंक, मेथ्या, आणून ठेवलं होतं, पण त्या डब्यांना हात लावायचा नाही.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे पटत नसे. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आपल्या घरात शकुन-अपशकुन नाही, असं ते म्हणत. नुकतेच आम्ही पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला जाऊन आलो होतो, घरी खीर झाली होती. "हे बी मानायचं आन् ते बी मानायचं, कसं जमतंय?" असं त्यांनी आईला खीर खाता खाताच विचारलं. आईनं त्यांच्या वाटीत आणखी खीर वाढली.

त्या दिवशी पहाटे अक्काच्या पोटात दुखू लागलं. जीप आली. आई तिच्याबरोबर कलबुर्गीच्या दवाखान्यात गेली. जाताना मला म्हणाली, "तू ऱ्हा. अप्पाला एकट्याला सोडू नको." मला जायचं होतं. मी राहिलो.

मग काय करायचं ते कळेना. कुंपणावर वालाचा वेल शेंगांनी लगडला होता, मी शेंगा तोडत बसलो. आम्हा दोघांना लागतील त्याच्या कितीतरी जास्त तोडल्या. शेंगा मोडून शिरा काढायच्या, फोन लावायचा, पुन्हा शेंगा. आईचा फोन लागत नव्हता. ती कन्नड बोलणारी बाई प्रत्येक वेळी त्याच गोड आवाजात सांगायची की फोन बंद आहे. शेतात सोयाबीन कापून पडलं होतं, पण अप्पा शेताकडे गेले नाहीत. परसात वांग्यांच्या बुडाशी खुरपं चालवत राहिले. एक ओळ झाली की परत पहिल्या झाडापासून सुरू.

"मुळं उघडी पडतील, अप्पा."

"पडू दे."

मी भाजी फोडणीला टाकली, भात लावला. अप्पा एक घास खाऊन उठले. हात धुतले आणि सरळ फळीवरचा डिंकाचा डबा खाली काढला.

"काय करायलाव?"

"नुसतं बसवंना मला."

"आई न्हाई म्हणलीय."

"मग तुझी आई शेपू कामून पेरलीय? सांग की. तू शिकलेला हाईस."

बाळंतिणीला दूध यावं म्हणून आमच्याकडे शेपू देतात. आईनं हौदाच्या कडेला स्वतःच शेपूचा एक वाफा केला होता, कुणाला काही न बोलता. तो आता बोटभर वर आला होता.

अप्पांनी कढईत तूप ओतलं. ते कधी गॅसपाशी उभे राहिलेले मला आठवत नाहीत. तूप फार तापलं, डिंक फटाफट फुलून कढईबाहेर उडू लागला. शेजारी तव्यावर मेथ्या टाकल्या होत्या, त्या करपायला आल्या. घरभर वास झाला आणि तो घरात थांबला नाही. तुपात तळलेला डिंक आणि भाजलेल्या मेथ्या यांचा आमच्या गल्लीत एकच अर्थ होतो. वेगळं सांगायला कुणी येत नाही. ज्या घरातून तो वास येतो, त्या घरात मूल झालेलं असतं.

शेजारच्या शेतकरी घरातल्या आत्यांचं डोकं भिंतीवरून वर आलं. नात्यानं त्या आमच्या कुणी नाहीत, पण सगळी गल्ली त्यांना आत्याच म्हणते. अप्पांना त्या अण्णा म्हणतात.

"अण्णा, बाळंत झाली व्हय? आन् आमाला सांगना झालाव?"

"अजून काय न्हाई, आत्या," मी म्हणालो.

"बास कर. पोरगी झाली म्हणून लपवायलाव व्हय? पोरगी तर पोरगी! आमच्या घरात चार हायत, कोण उपाशी मरायलंय?"

थोड्याच वेळात दारात बायका जमल्या. मी नाही नाही म्हणत होतो आणि त्या हसत होत्या. "मामा झाला की लाजायला!" एकीनं साखरेची चिमूट अप्पांच्या तोंडात घातली. अप्पा हातात झारा घेऊन तसेच उभे. ती साखर त्यांना गिळवेना आणि थुंकवेना.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अक्काच्या सासूबाई होत्या. आत्यांनी आनंदाच्या भरात मुडबीला कळवलंसुद्धा होतं.

"लेकरू आमचं, आन् आमाला दुसऱ्याच्या तोंडून कळायलंय?"

"मामी, खरंच अजून काय कळलं न्हाई. आईचा फोन बंद हाय."

"मग डिंक कोण तळलं?"

"अप्पा."

त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "असं कामून केले रे ते?" आणि फोन ठेवला.

माझं फोनवरचं बोलणं ऐकून बायकांना तेव्हा कुठं खरं वाटलं. एकेक करून त्या निघून गेल्या. आत्या जाताना दारातला चपलांचा पसारा उगीच सरळ करून गेल्या. मला वेगळीच धास्ती बसली. आता वेगळी बातमी आली, तर मला यातल्या प्रत्येक दारात जावं लागणार होतं. काय म्हणायचं, ते मी मनात जुळवू लागलो. दोन वाक्यं जुळलीही. मग स्वतःचीच भीती वाटली आणि मी उठून भांडी घासायला घेतली.

अप्पांनी गॅस बंद केला, कढईवर ताट झाकलं आणि परसात जाऊन बसले. ऊन उतरत होतं. मी शेजारी बसल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझ्या आईचं ऐकाय पायजे होतं का रे?"

"असं काय नसतंय, अप्पा."

बोललो खरा, पण माझा आवाज मलाच पटला नाही. कॉलेजात याच विषयावर मी उभा राहून बोललो होतो, मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तिथं बोलणं सोपं होतं. इथं अप्पा वांग्यांच्या उघड्या पडलेल्या मुळांवर हातानं माती ओढू लागले आणि मीही ओढू लागलो.

दिवेलागणीला अनोळखी नंबरवरून फोन आला. मी उचलला. मागे कन्नडमध्ये कुणीतरी कुणाला ओरडत होतं, ट्रॉलीची चाकं वाजत होती, आणि आईचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा.

"आई, बोल की!"

"थांब जरा. नर्सबाईचा फोन हाय, लई बोलता यायचं न्हाई. पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत. अक्का चहा मागायलीय."