नाव न लिहिलेल्या भेटी

दावीद गेला हे मला त्याच्याच फोनवरून कळलं. दिवाळी उरकून थोडे दिवस झाले होते. सकाळी पेपर वाचत बसलो होतो, फोनवर त्याचं नाव आलं आणि मी सवयीप्रमाणे म्हणालो, "बोल, काय काम काढलंस?" पलीकडून सरोजवहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा आवाज आला. "भावजी, हे गेले." मी विचारलं, "कुठे गेले?" ... त्यांनी पुन्हा सांगितलं, झोपेतच गेले म्हणाल्या, तरी माझा विश्वास बसेना. आदल्या संध्याकाळी आम्ही सीवूड्स स्टेशनबाहेर उभ्याने चहा प्यायलो होतो, माणूस ठणठणीत होता. मला वाटलं, कुणीतरी दावीदचा फोन पळवलाय, वहिनींच्या आवाजात बोलतंय आणि आता पैसे मागणार. हल्ली असले प्रकार फार चालतात. त्यांच्या घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात हेच होतं. दारात चपलांचा ढीग दिसला तेव्हा कुठे खरं वाटलं.

माझा स्वभावच तसा, आणि त्याला धंद्याने आणखी खतपाणी घातलं. आयुष्य कळंबोलीच्या लोखंड बाजारात गेलं. तिथे सळ्यांची गाडी आली की आधी वजनकाट्यावर संशय घ्यायचा, मग ड्रायव्हरवर, मग सळ्यांवर. दावीद साळवे तिथल्याच एका ट्रान्सपोर्टच्या यार्डात सुपरवायझर होता. मूळचा नगरकडचा, मराठी ख्रिस्ती, बोलायला मोकळाढाकळा. दिवाळीला आमच्या बाजारात काजू-बदामाचे डबे फिरायचे आणि प्रत्येक डब्यामागे एखादं काम असायचं. डबा आधी यायचा, काम आठवड्याने. त्यामुळे ओळख झाली त्या वर्षी डिसेंबरात दावीदने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं माझ्या टेबलावर ठेवलं, तेव्हा मी ते उघडायच्या आधी विचारलं, "काम काय आहे?"

"काम कशाचं? नाताळ आहे राव," तो म्हणाला.

आत पितळी मूठ होती. माझ्या टेबलाच्या खणाची मूठ कधीची निघाली होती आणि मी तिथे सुतळीचा फास अडकवून खण ओढायचो. दावीदने खिशातून स्क्रू काढले, तिथल्या तिथे मूठ बसवली, खण दोनदा उघडून-मिटून बघितला आणि निघून गेला. पुढचा महिनाभर मी त्याच्या गाड्यांच्या पावत्या दोन-दोनदा तपासल्या. एकही चूक सापडली नाही, म्हणून माझा संशय अजूनच वाढला.

दरवर्षी हेच. आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला यायचा, चकली तोंडात आणि नजर घरभर. सुनंदा, माझी बायको, एकदा मला आत बोलावून म्हणाली, "हे साळवे भावजी हात धुवायला गेले की मोरीत काय वाकून बघतात हो? मला नाही आवडत." नाताळला मोरीची नवी जाळी आली. जुनीवर आम्ही दगड ठेवत होतो. सुनंदा खजील झाली, पण मी नाही झालो. उलट म्हटलं, हा आपल्या घरात डोकावतो तो काहीतरी हेरायलाच. मुलाच्या लग्नात आलेले लेमन सेट आमच्या माळ्यावर न फोडता पडून आहेत. ते देणाऱ्यांवर मी कधी संशय घेतला नाही, कारण त्यांनी आम्हाला काय लागतं हे बघितलंच नव्हतं. ज्याने बघितलं त्याचीच मला भीती वाटायची.

एकदा चिडून विचारलं, "तुला यातून मिळतं काय?" तो हसला. म्हणाला, "सावंत, कुणालाही विचार, काय पायजे? तो म्हणतो, काही नको. मग विचारायचं कशाला? घरात जायचं आन् बघायचं, दोरीनं काय बांधलंय, चिकटपट्टी कशाला लावलीय. नाताळात तेवढं द्यायचं. टेन्शनच नाही." मी मान डोलावली. मनात म्हटलं, नीट उत्तर टाळतोय.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी वहिनींनी बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीन पुडकी होती. कपाटावर ठेवलेली सापडली म्हणाल्या. नाव कशावरच नाही. "हे नावं लिहायचेच नाहीत. वस्तू बघितली की कळतं म्हणायचे. मला काही कळेना. भावजी, ह्यांचा हा शेवटचा नाताळ. चुकीच्या घरी जायला नको." मग पुडकी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तुम्हीच शोधू शकाल. तुम्हाला संशयाने बघायची सवय आहे." ... त्या टोमणा मारत होत्या की खरंच सांगत होत्या, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. पण नाही म्हणवेना. दावीदसाठी करण्यासारखं एवढंच उरलं होतं, आणि त्यात चूक झाली असती तर ती दुरुस्त करायला तो नव्हता.

पहिल्या पुडक्यात काठीच्या टोकाला बसवायचं रबर होतं. काठीवाली माणसं दावीदच्या ओळखीत बरीच. मी एकेकाकडे जाऊन गप्पा मारता मारता जमिनीकडे बघू लागलो. करावे गावात जोमाकाका राहतात, नवी मुंबईत आल्यावर दावीदने पहिली खोली त्यांच्याकडे भाड्याने घेतली होती. त्यांच्यासमोर मी वाकलो तर म्हातारा भडकला. "काय शोधतस रं खाली? माजे घरान काय हाय बगाला? बिल्डरनी धाडलाय का तुला?" त्यांच्या काठीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोऱ्याने बांधलेला होता. मी रबर पुढे केलं, दावीदचं नाव सांगितलं. काकांनी ते हातात घेऊन दाबून बघितलं, काठीच्या टोकाला लावून बघितलं. मग म्हणाले, "दिवालीला आलता तवा माजे बाजूलाच बसलेला. बोलला नाय काय."

दुसऱ्या पुडक्यात कुकरची मूठ होती. ती खारघरच्या रूथची, त्याच्या भाचीची असणार असा माझा अंदाज. नवं लग्न, दोघं नोकरी करणारी, घर चकचकीत. मी चहा नको म्हणून थेट स्वयंपाकघरात शिरलो तशी ती दारात उभी राहिली. "अंकल, एनी प्रॉब्लेम? मामांनी काही सांगितलं होतं का आमच्याबद्दल?" मी कुकर मागितला. तिने तो काढला, तर मूठ फडक्याने गुंडाळून वर रबरबँड लावलेले. पुडक्यातली नवी मूठ बघून तिला रडू आलं. म्हणाली, "मी मामाला म्हटलं होतं, काही आणू नकोस, आता सगळं ऑनलाइन मिळतं." ऑनलाइन मागवायचं मात्र राहूनच गेलं होतं.

तिसऱ्या पुडक्यानं मला जेरीस आणलं. बोटाएवढा स्क्रू-ड्रायव्हर आणि एका डबीत मोहरीएवढे स्क्रू. मी आधी घड्याळांवर नजर ठेवली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दावीदच्या ओळखीचे, त्यांचं मनगट धरून बघितलं तर ते म्हणाले, "सावंत, बीपी बघताय की घड्याळ ढापताय?" मग रेडिओ, मग कुणाकुणाचे रिमोट. दावीदच्या चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या गृहस्थांकडे गेलो आणि पेटी उघडून दाखवा म्हणालो. ते भले गृहस्थ माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की मीच काढता पाय घेतला. नाताळ तोंडावर आला. रोज घरी येऊन मी त्या डबीकडे बघायचो आणि मला दावीदचा राग यायचा. एक नाव लिहायला काय झालं होतं?

नाताळच्या आदल्या दिवशी हार मानून वहिनींकडे गेलो. डबी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "याचा माणूस काही सापडला नाही." वहिनी डबीकडे बघतच नव्हत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"भावजी, चष्मा काढा जरा."

माझ्या चष्म्याच्या डाव्या दांडीचा स्क्रू कधी पडला, मला आठवतही नाही. सळ्यांच्या बंडलाची बारीक तार मी त्यात ओवून पीळ दिला होता आणि विसरून गेलो होतो. त्याच चष्म्यातून मी घराघरांत काय बांधलंय, काय चिकटवलंय ते शोधत फिरत होतो. शेवटच्या संध्याकाळी चहाच्या टपरीसमोर दावीद मध्येच बोलायचा थांबून माझ्या कानशिलाकडे बघत राहिला होता, पुडकं बांधून झालं तरी पुन्हा एकदा खात्री करून घेत असावा. मी म्हटलंही होतं, "काय बघतोस रे?" आणि तो म्हणाला होता, "काही नाही." ... मी वहिनींसमोर रडलो. इतकी वर्षं ज्या कामाची वाट बघत होतो, ते काम नव्हतंच. तो कधीच काही मागणार नव्हता.

चष्म्याशिवाय मला तो स्क्रू दिसेना. वहिनींनीच तार उलगडून काढली, स्क्रू बसवला, दांडी मिटून-उघडून बघितली आणि चष्मा माझ्या नाकावर ठेवला. तो सरळ बसला. मग त्या चहा टाकायला उठल्या. मीही मागोमाग स्वयंपाकघराच्या दारात गेलो. त्यांनी शेगडीखालून पक्कड काढली, आणि पक्कडीने पिळून गॅस लावला. शेगडीचं बटण तुटलं होतं. तुटलेल्या कडेवरून तूट जुनी की ताजी हे आम्हा बाजारातल्या लोकांना कळतं. कड पांढरीशुभ्र होती, तिच्यात तेलाचा काळा थर अजून बसलेला नव्हता. म्हणजे दावीद गेल्यानंतर त्या घरात तुटलेली ही पहिली वस्तू.

मी जरा वाकून शेगडीवर कंपनीचं नाव काय आहे ते वाचायला लागलो. वहिनी वळल्या.

"काय बघताय भावजी?"

"काही नाही," मी म्हटलं.

चहा उकळेपर्यंत त्या माझ्याकडे संशयाने बघत होत्या.