नमुन्याचा भात

बालाघाटला तांदूळ पॅक करणाऱ्या एका कंपनीत मी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले आणि नवव्या दिवशी कंपनीचा माल खाऊन टाकला.

खरं तर चूक मावशीची. मी तिच्याकडे राहत होते आणि डबा तीच भरायची. त्या दिवशी एका पुडात लाखोळीच्या डाळीचं वरण, दुसऱ्यात वांग्याची भाजी आणि जिथे भात असायला हवा त्या तिसऱ्या पुडातही वांग्याचीच भाजी. आम्ही खैरलांजीकडचे धानवाले. भाताशिवाय कितीही पोट भरलं तरी आम्हाला जेवल्यासारखं वाटत नाही. डबा हातात घेऊन मी चिडचिड करत हिंडत होते, तर मागच्या खोलीत टेबलावर पाच वाट्या गरम भात मांडलेला. आसपास कोणी नाही. मला वाटलं, तांदळाची कंपनी आहे, कामावरच्या लोकांना भात देत असतील. पाचही वाट्या हुंगून त्यातल्या त्यात बऱ्या वासाची निवडली, तिच्यावर वरण ओतलं आणि जेवायला बसले.

दोन घास गेले नसतील, तोच दारात काका आणि त्यांच्यामागे कंपनीचे मालक सेठजी. काका म्हणजे कंपनीचे भात चाखणारे. तीस वर्षं हेच काम. रोज आलेल्या मालातला थोडा थोडा तांदूळ शिजवायचा, चाखायचा आणि वाटीखाली चिठ्ठी ठेवायची. त्या चिठ्ठीवर माल घ्यायचा की परत पाठवायचा ते ठरे.

"काहून वं बाई, नमुन्यावर वरण?" काका म्हणाले.

घाबरले की मी गप्प बसत नाही, जास्तच बोलते. म्हणाले, "पण काका, हा पुरता चिन्नौर नाहीच. यात बिनवासाचा काहीतरी मिसळलाय."

चिन्नौर हा आमच्याकडचा बारीक, वासाचा तांदूळ. शेजारच्या घरी शिजला तरी आमच्या घरात भूक लागते. सेठजींनी वाटी उचलून खालची चिठ्ठी वाचली. काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, शुद्ध.

माल विकणाऱ्याला बोलावलं, तेव्हा त्याने तसल्याच बारीक दाण्याचा साधा तांदूळ मिसळल्याचं कबूल केलं. सेठजी मला म्हणाले, "कल से तुम यहीं बैठो. कम्प्यूटर तो कोई भी चला लेगा." दोन वर्षं घासून केलेल्या डिप्लोम्याची किंमत अशी एका वाक्यात झाली. मावशीला सांगितलं तर ती आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, तरी पगार आहे ना तोच?

नव्या कामाचे नियम काकांनी शिकवले. सकाळी कांदा नाही, केसांना वासाचं तेल नाही, गजरा तर नाहीच. भातावर वरण नाही, मीठसुद्धा नाही. दर वाटीनंतर कोमट पाण्याची चूळ. आठवडाभर कोरडा भात खाऊन मी वरणाची स्वप्नं पाहू लागले. पण काकांबरोबर मजा यायची. धानाचा दाणा दातांखाली नुसता कट्‌ करून ते ओल किती ते सांगायचे, आणि मशीन नंतर तेच सांगायचं.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. वाटी आली की ते म्हणत, "आधी तू सांग." मी सांगितलं की मान हलवत, "हौ, बरोबर." मला वाटलं, परीक्षा घेताहेत. म्हणून एकदा आगाऊपणाने साध्या भाताला चिन्नौर म्हटलं. तरीही ते म्हणाले, "हौ, बरोबर."

"काका, हा तर साधा आहे," मी म्हटलं. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"मले वास येत नाही वं. दोन वर्सं झाले. ताप आलता, त्यात गेला. कोनाले सांगू नोको."

सोमवारी मोठं गिऱ्हाईक येणार होतं. पाच वाट्यांतून अस्सल चिन्नौर काकांनी त्याच्यासमोर ओळखायचा, असं सेठजींनी ठरवलं होतं. त्या चिठ्ठीपासून त्यांच्या मनात शंका होतीच. काकांची तीस वर्षांची इज्जत त्या एका वाटीत होती, आणि हे सगळं माझ्या भुकेमुळे झालं होतं. मला फार अपराधी वाटत होतं. मी म्हटलं, "काका, वाट्या मीच मांडणार आहे. चिन्नौरच्या वाटीत चमचा पालथा ठेवते." त्यांनी पाण्याचा तांब्या उचलून चूळ भरली.

सोमवारी मी चौथ्या वाटीतला चमचा पालथा ठेवला. गिऱ्हाईक आणि सेठजी समोर बसले. काकांनी पहिली वाटी चाखली, दुसरी, तिसरी. चौथीपाशी थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि चमचा सरळ केला.

"सेठजी, हमको अब बास नहीं आती," ते शांतपणे म्हणाले. "इस लड़की को आती है. इसको पूछो."

मी चौथी वाटी दाखवली. गिऱ्हाईकाने वाटी नाकाशी नेली आणि सौदा झाला. गिऱ्हाईक गेल्यावर सेठजी काकांकडे वळले. दोन वर्षं सांगितलं नाही म्हणून रागावले, आणि ते रागावणं खोटं नव्हतं. शेवटी म्हणाले, धान काका दातांनी बघतील, भात ही नाकाने बघेल. टेबलामागची खुर्ची मला मिळाली, काकांसाठी बाजूला स्टूल आलं. पहिल्या दिवशी मला त्या खुर्चीत बसवेना. काकांनीच दटावून बसवलं.

आता चिठ्ठ्या मी लिहिते. चिन्नौर आला की वाटी आधी काकांपुढे सरकवते. ते डोळे मिटून म्हणतात, "सांग, वास कसा येऊन राह्यला?" मी सांगते, दिवाळीत नव्या धानाचा पहिला भात उतरवताना झाकण काढलं की येतो ना, तसा. कधी सांगते, आज जरा कमी आहे, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा.

परवा खूप काम होतं. मी घाईत म्हटलं, "रोजच्यासारखाच आहे काका."

"रोजचाच सांग," ते म्हणाले. "पन सांग."