झाकण नसलेले झरोके

दिवाळीच्या फराळाचे डबे घासून पालथे घातले की माझ्या आईचा हिवाळा सुरू होतो. बाहेर दुपारी अजून पंखा लागत असतो, पण तिच्या डोक्यात थंडी शिरलेली असते. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. मी साठीची, शाळेतून निवृत्त झालेली विज्ञानाची शिक्षिका. अप्पा, म्हणजे माझे वडील, गेले, मग माझा नवराही गेला आणि मी माहेरी परतले. धारवाडच्या या घरात आता आम्ही दोघीच राहतो. तरी तयारी अशी, की पाहणाऱ्याला वाटावं इथं पलटणीचा मुक्काम पडणार आहे.

आमच्या नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही त्याच्या मनात आलं तर. त्यामुळे पिंपं, हंडे, कळशा बारा महिने भरलेल्याच असतात. थंडीच्या तोंडावर आईला आणखी दोन पिंपं आठवतात. अमरगोळच्या बाजारातून ज्वारी येते आणि कडुलिंबाचा पाला घालून डब्यांत बसते. गॅसचा एक सिलिंडर लावलेला आणि एक राखीव. राखीव लावला की त्याच दिवशी नवा नोंदवायचा, नाहीतर तिला जेवण जात नाही. मेणबत्त्या, काड्यापेट्या, सुंठ, ओवा, कापूर. गच्चीवर कौद्या उन्हाला पडतात. जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या, फ्रॉकांच्या तुकड्यांची जाड गोधडी, तिला आमच्याकडे कौदी म्हणतात. सगळ्यांत शेवटी अळनावरच्या बाजूचा एक माणूस लाकडी कोळशाचं पोतं मागच्या पडवीत आणून टेकवतो. ते आलं की तिची यादी पूर्ण होते.

‘गॅस आहे, गीझर आहे. आता कोळसा कशाला?’ मी दरवर्षी विचारते.

‘गॅस आला नाही, करंट गेला, तर काय करतीस? तुझी पुस्तकं पेटवतीस काय?’ तीही दरवर्षी विचारते.

गंमत म्हणजे तो कोळसा फारसा जळत नाही. अंगणात कधीमधी बंब पेटतो, तेवढाच. उरलेलं पोतं उन्हाळ्यात भांडीवाल्या बाईच्या घरी जातं. घराच्या आत शेगडी पेटलेली मी या घरात एकदाही पाहिली नाही. हे मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ मी कधी लावला नाही. आयुष्यभर मुलींना निरीक्षण करा, अनुमान काढा म्हणून ओरडणारी ती मीच.

झरोक्यांचंही तसंच. अप्पांनी हे घर बांधलं तेव्हा आई गवंड्याशी एकाच गोष्टीवरून भांडली होती. प्रत्येक खोलीत छताखाली झरोका हवा, त्याला जाळी हवी, पण झाकण नको. काच नाही, फळी नाही, काही नाही. मार्गशीर्षात पहाटेचा वारा त्यातून असा येतो की कान बधिर होतात. थंडीला इतकी भिणारी बाई आणि झरोके सताड उघडे! यावरून मी तिची किती टिंगल केली आहे. ‘आधी वारा आत बोलवायचा आणि मग त्याच्यासाठी कौद्या शिवायच्या,’ असं मी पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायचे. सगळे हसायचे, आई हसायची नाही.

या वर्षी माझी लेक बाळंतपणाला आली. हुबळीत, देशपांडे नगरातल्या डॉक्टरीणबाईंकडे सगळं सुखरूप झालं. मुलगी झाली. घरी आणताना रायापूरपर्यंत धुकं होतं आणि गाडीत तो एवढासा जीव माझ्या मांडीवर होता. सबंध रस्ता मी खिडकीबाहेर पाहिलं नाही, तिच्या छातीकडे पाहत बसले. आईनं मधली खोली तयार ठेवली होती. उन्हात वाळवलेली दुपटी, डिंकाचे लाडू, अळीव, सगळं जागच्या जागी. आणि कोपऱ्यात एक शेगडी, रिकामी, घासून लख्ख केलेली. ती पाहिली आणि मी दचकले. का, ते सांगायचं तर मागं जायला हवं.

मी आठ वर्षांची असताना मला भाऊ झाला. तेव्हा आम्ही धारवाडातच दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होतो. तो जन्मला त्या दिवसापासून घरात मला सगळे अक्का म्हणू लागले, अप्पासुद्धा. मला केवढी ऐट आली होती! शाळेतही मी वहीवर तेच नाव घातलं होतं. तो नऊ दिवस जगला. ज्यानं हाक मारायची तो गेला आणि हाक मात्र राहिली. आई मला आजही अक्काच म्हणते.

त्या वर्षी थंडी कडक होती आणि रॉकेल मिळत नव्हतं. अप्पा रांगेत उभे राहून रिकामा डबा घेऊन परत यायचे. म्हणून बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी सतत धगधगत असायची. खिडकीच्या फटींत आईनं स्वतः चिंध्या कोंबल्या होत्या, मी तिला त्या फाडून देत होते. वर एक छोटा झरोका होता. ‘तेवढा असू दे गं, अक्का. धूर जायला पाहिजे,’ आई म्हणाली. पण संध्याकाळी ती न्हाणीत गेली असताना मी बाळाला पाहायला गेले. त्याच्या नाकाला बोट लावलं तर नाक गार. वारा त्या झरोक्यातूनच येत होता. मी ट्रंकेवर पाट ठेवला आणि त्यावर चढले. मला आखूड झालेला, निळ्या रंगाचा, पांढऱ्या ठिपक्यांचा फ्रॉक होता. त्याची नीट घडी करून मी ते भोक गच्च बुजवलं. कुणाला सांगितलं नाही. सकाळी बाळ छान ऊबदार असेल, तेव्हा सांगून शाबासकी घ्यायची, असं ठरवलं होतं.

सकाळी अप्पांच्या हाकेनं जाग आली. आईला त्यांनी ओढत बाहेर आणलं होतं. ती डोकं गच्च धरून ओकत होती. बाळ अप्पांच्या हातात होतं आणि त्याचे गाल गुलाबी होते. मला वाटलं, झोपलंय.

‘थंडी बाधली,’ शेजारणी म्हणाल्या. ‘थंडी बाधली,’ आईही म्हणाली, आणि पुढं पन्नास वर्षं तेच म्हणत राहिली. माझा फ्रॉक त्या रडारडीत कुठं गेला कळलं नाही. मी शोधलाही नाही. आठ वर्षांच्या मुलीला नुसतं इतकंच वाटत होतं, की त्याच्याबद्दल कुणी विचारू नये.

मला खरं कळलं ते तिशीत, नववीच्या वर्गात. मी शिकवत होते, की कोळसा अपुऱ्या हवेत जळला तर कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, उलटी होते, माणूस झोपेतच जातो. गाल गुलाबी दिसतात, हे आदल्या दिवशी एका जाड पुस्तकात वाचलं होतं. ते सांगायला तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. मुलींना वाटलं बाईंना चक्कर आली. त्यांनी पळत जाऊन पाणी आणलं.

आईला काय सांगणार होते? तुझा कोळसा आणि माझा फ्रॉक, असं? मी ठरवलं, आई आहे तोवर थंडीच खरी. ठरवायला काय लागतं! पण तेव्हापासून पहिल्या गार पहाटेला मी उठते आणि शेजारी झोपलेल्याच्या नाकाशी हात धरते. आधी नवऱ्याच्या, मग लेकीच्या, आता आईच्या. माहेरी आले की पहाटे कधीतरी डोळे उघडायचे आणि आई माझ्यावर वाकलेली दिसायची. कौदी सारखी करते आहे म्हणायची. तिचा हात मात्र माझ्या नाकाशी असायचा.

तर ती रिकामी शेगडी पाहून मी दचकले ते यासाठी. मला दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या. नातीच्या खोलीत निखारा जाऊ द्यायचा नाही आणि का नाही ते आईला कळू द्यायचं नाही. धुरानं बाळाला खोकला होईल, डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या, असं धडधडीत खोटं बोलत मी दिवस काढले. आई नुसती ‘हं’ म्हणायची. शेगडी कोपऱ्यातून हलवू मात्र द्यायची नाही. मला तिचा राग यायला लागला होता.

अकराव्या दिवशी गॅस संपला. राखीव सिलिंडर आधीच लावलेला होता आणि नवा येता येत नव्हता. त्या आठवड्यात गल्लीत सगळ्यांचीच ओरड होती. सकाळी करंटही गेला. ‘बघ, सांगत होते की नाही?’ असं आई म्हणेल म्हणून मी वाट पाहत होते, पण तिनं नुसता कोळसा काढायला सांगितला. अंगणात कोळशावर बंब पेटला. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणारी बाई कानडी बोलणारी, कामाला वाघ. तिनं दोघींचं न्हाणं उरकलं, कोपऱ्यातली शेगडी उचलून आणली, बंबाखालचे निखारे तिच्यात भरले आणि धुरी द्यायला खोलीत निघून गेली. मी न्हाणीत बादल्या आवरत होते. आतून तिचा आवाज आला, ‘बागला हाकरी, थंडी ऐती.’ दार लावा, थंडी आहे, म्हणत होती. माझ्या हातातली बादली सुटली आणि मी धावले.

दार ढकललं. लेक बाळाला कुशीत घेऊन पलंगावर बसली होती आणि घाबरून वर बघत होती. माझी आई, जिला खुर्चीवरून उठतानाही माझा हात लागतो, ती स्टुलावर उभी होती. आदल्या दिवशी लेकीनं मला न सांगता झरोक्यावर पुठ्ठा लावून चिकटपट्टी मारली होती. आई ती चिकटपट्टी नखांनी ओरबाडत होती.

‘शेगडी बाहेर ने आधी!’ ती ओरडली. मग त्या बाईला कळावं म्हणून, ‘होरग ओय्यी!’

असा तिचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. बाईनं भांबावून शेगडी उचलली आणि अंगणात नेली. पुठ्ठा निघून खाली पडला, वारा आत आला. मी आईला दोन्ही हातांनी धरून खाली उतरवलं. तिच्या एका नखातून रक्त येत होतं.

‘आजी, नुसता पुठ्ठा होता गं,’ लेक रडवेली होऊन म्हणाली. ‘वारा येत होता. बाळाचं नाक गार लागत होतं.’

आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

‘तसंच असतं ते,’ ती म्हणाली. ‘नाक गार लागतं, म्हणूनच बुजवतात.’

भावाचं नाक मला गार लागलं होतं, हे मी कुणालाही कधी सांगितलेलं नव्हतं. मी तिला धरून मागच्या पडवीत नेलं. ती पायरीवर बसली, मी कोळशाच्या पोत्यावर.

‘तुला ठाऊक होतं,’ मी म्हणाले.

‘त्याच दिवशी सकाळी. अप्पा डॉक्टरांना आणायला पळाले की नाही, तेव्हा मी भिंतीला धरून आत गेले. वर बघितलं तर तुझा फ्रॉक. ओढून काढला आणि चुलीत घातला.’

‘अप्पांना सांगितलंस?’

‘कुणालाच नाही. एवढंसं पोर तू. किती मायेनं घडी करून घातला होतास. लोक तुला जन्मभर काय म्हणाले असते? म्हणून मी आपली थंडी बाधली म्हणाले. एकदा म्हटलं, मग थंडीला भ्यायलाच पाहिजे की नाही?’

‘आणि हा कोळसा? दरवर्षी? आज ती शेगडी?’

‘बंद केलं असतं तर तू विचारलं असतंस, का म्हणून. तू पहिल्यापासून प्रश्न विचारणारी. ती शेगडी रिकामीच राहायची होती, अक्का. नुसती दिसायला ठेवली होती मी, तुझ्यासाठी.’

मी रडले. साठ वर्षांची बाई, कोळशाच्या पोत्यावर बसून मी लहान पोरीसारखी हुंदके देत रडले. तीस वर्षं मी तिच्यापासून जे लपवत होते, ते ती माझ्यापासून पन्नास वर्षं लपवत होती. पाहुण्यांसमोर मी तिच्या झरोक्यांना हसत होते, तेव्हा ती समोर बसून ते ऐकून घेत होती. मला स्वतःची लाज वाटली आणि तिची फार माया आली. शेवटी जे आठव्या वर्षापासून विचारायचं होतं ते विचारलं.

‘आई, मीच केलं ना गं ते?’

तिनं लगेच नाही म्हटलं नाही. तिनं खोटं बोलायचं आता सोडलं होतं.

‘निखारे मी घातले,’ ती म्हणाली. ‘वारा तू अडवलास. आपण दोघी त्याला ऊब द्यायला गेलो, अक्का. आणखी काही केलं नाही.’

आतून नात रडल्याचा आवाज आला, चांगला खणखणीत. आम्ही दोघीही तो संपेपर्यंत ऐकत राहिलो. मग आईनं गुडघ्यावर हात टेकला, उठवायला मला खूण केली आणि पोत्याकडे बोट दाखवलं.

‘हे त्या भांडीवालीला आजच देऊन टाक,’ ती म्हणाली. ‘आणि पुढच्या वर्षी आणू नकोस. आता ते ठेवायचं कारण राहिलं नाही.’