सांगकाम्यासाठी चार ओळी

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत अजून अर्धेच दिवे लागले होते आणि ताई स्वतःचंच एक वाक्य खोडत होत्या : 'फाइलमध्ये मजकूर लिहिण्यासाठी.' गेल्या महिन्यात ते सुचलं तेव्हा एवढ्या थोडक्यात उरकल्याचा त्यांना अभिमान वाटला होता.

थोडक्यात लिहिण्यात ताईंचा हातखंडा. मिक्सर आणि इस्त्रीच्या खोक्यात जी माहितीपत्रकं असतात, ती लिहिण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. गिऱ्हाईक पहिल्या ओळीपुढे वाचत नाही, हा तिथला धडा. कारखाना बंद पडल्यावर त्या इथे आल्या. इथला वाचक माणूस नाही. सांगितलेलं काम ऐकून स्वतः प्रोग्राम लिहिणारा, दुरुस्त करणारा एआय एजंट आहे. त्याच्या हाताशी टूल्स असतात : एक फाइल वाचायचं, एक शोधायचं, एक बदलायचं. कुठलं टूल कधी उचलायचं, हे तो त्याच्या वर्णनावरून ठरवतो. ती वर्णनं ताई लिहितात. एजंटला त्या 'सांगकाम्या' म्हणतात, आणि आता सगळं ऑफिस म्हणतं.

काल सांगकाम्याने घोळ घातला. एका दवाखान्याच्या प्रोग्राममध्ये फक्त फोन नंबर बदलायचा होता. त्यासाठी 'बदल' नावाचं टूल होतं. त्याने उचललं 'लिही', ज्याचं वर्णन ताई आज खोडत होत्या. ते टूल फाइल पुसून नव्याने लिहितं. भल्यामोठ्या फाइलमध्ये एकटा फोन नंबर उरला. आधीची प्रत जपलेली होती म्हणून निभावलं.

"दुपारी पुन्हा चाचणी घेऊ, ताई," टीमची प्रमुख म्हणाली. ती ताईंच्या मुलीच्या वयाची. "परत पुसलं तर लिहायची टूल्स काढून घ्या, असं वरून आलंय. मग तो नुसता वाचेल."

"आणि मी?"

प्रमुख बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "नुसत्या वाचणाऱ्याला वर्णनं कितीशी लागणार?"

टूल्स बांधणारा दाढीवाला शेजारीच बसायचा. "दम भरा त्याला," तो म्हणाला. "गोड बोलून कोण ऐकतंय आजकाल!"

ताईंनी दम भरला. 'सावधान! हे टूल जुना मजकूर नष्ट करते. वापरू नये.' करून पाहिलं, तर फोन नंबर बिनबोभाट बदलला. मग दाढीवाल्याने एक नवी फाइल करायला सांगितली, आणि सांगकाम्या अडला. 'लिही'ला हात लावेना. मुळात नसलेल्या फाइलवर 'बदल' चालवी, चूक आली की पुन्हा तेच.

"एवढं घाबरवलंत, आता हाक मारली तरी दार उघडायचा नाही," दाढीवाला म्हणाला.

"दम भरा कोण म्हणालं?"

"म्हणालो मी. पण माझं ऐकायची तुम्हाला सवय कुठाय!"

तेवढ्यात घरून फोन आला. ताईंचे यजमान नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरकाम शिकत होते.

"अगं, मशीनवर चिठ्ठी लावलीस ना, रंगीत कपड्यांत पांढरे टाकू नका म्हणून?"

"मग? टाकलेत की काय?"

"छे! मांडीवर घेऊन बसलोय. ह्यांचं काय करायचं ते लिहिलंच नाहीस."

"अहो, नंतर वेगळे लावायचे! इतक्या वर्षांत एवढंही—"

"चिठ्ठीत नव्हतं," ते शांतपणे म्हणाले.

फोन ठेवून ताई हसल्या. मग पडद्यावरच्या 'वापरू नये'कडे पाहून त्यांचं हसू थांबलं. चहा तसाच गार झाला. त्यांनी लिहिलं :

'नवी फाइल तयार करते. त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर तिचा सगळा मजकूर जातो आणि परत मिळत नाही. नवी फाइल हवी असेल किंवा जुनी पूर्णपणे बदलायची असेल, तेव्हा हे वापरावे. थोडाच भाग बदलायचा असेल तर "बदल" वापरावे.'

त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. दाढीवाल्याने मान डोलावली. "फोल्डर नसेल तर हे टूल तोही करतं, बरं का."

"हे आत्ता सांगताय?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

ताईंनी तेही घातलं.

चाचणीला प्रमुख स्वतः बसली. फोन नंबर बदलला, बाकीची फाइल जागच्या जागी. नवी फाइलही झाली. मग तिने आपल्याकडची एक मेख मारली : ही जुनी यादी टाकून दे, पूर्ण नवी लिही. ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सांगकाम्याने आधी जुनी फाइल वाचली, मग 'लिही' उचललं आणि सांगितलं तेवढंच केलं.

"राहू देत टूल्स त्याच्याकडे," प्रमुख म्हणाली. "वर मी कळवते. तुम्ही मात्र मिक्सरची माहितीपत्रकं लिहायला परत जायचं मनात आणू नका."

"मनात तुम्हीच आणलं होतंत," ताई म्हणाल्या, आणि पुढचं टूल उघडलं.

ते फाइल कायमची काढून टाकायचं टूल आहे. त्याच्याखाली अजून एकही ओळ नाही. उद्या सकाळी नऊला ताई तिथून सुरुवात करतील.