कातड्याखालचं गोंदण

जळकोटच्या बजरंग पेंटरनं वीस वर्षं गावोगावच्या पाट्या रंगवल्या. ट्रॉलीमागं वाघ असा काढायचा, की मागून येणारी म्हैस बिचकावी. मग फ्लेक्स आलं आणि त्याचे ब्रश डब्यातच वाळले. बजरंग रडत बसला नाही. कॉम्प्युटर शिकला, बसस्टँडसमोर दुकान थाटलं आणि वाढदिवसाच्या, श्रद्धांजलीच्या बॅनरवरची तोंडं धुऊन देऊ लागला. धुऊन म्हणजे अगदी धुऊन! देवीचे वण पूस, सुरकुत्या पूस, सावळ्याला गव्हाळ कर, गव्हाळाला गोरं कर. गेलेला माणूस बॅनरवर नवरदेवावानी दिसायचा आणि घरचे खूश व्हायचे.

मग त्याची मायच गेली. गोदावरी.

तिचा धड फोटो एकच, आधार कार्डावरचा. डोळे वटारलेले, जणू कुणी दरडावून बसवलंय. तिचं वरीस, म्हणजे वर्षश्राद्ध, आठ दिवसांवर आलं, आणि एका दुपारी बजरंगच्या ध्यानात आलं, की डोळे मिटले तरी आपल्याला माय दिसेना झालीय. दिसतंय ते कार्डावरचं भेदरलेलं तोंड. परक्यांची हजार तोंडं उजळली, आणि आपली माय हातची सुटून चालली!

लेक आरती नांदेडला शिकायला होती, सुट्टीला आलेली. तिनं आपला टॅब आणि पेन बापापुढं ठेवलं.

"बाबा, ह्यो फोटो धुऊ नका. आजीला नव्यानं काढा."

"काचंवर? ब्रश कुठाय?"

"ह्यो पेनच ब्रश. हलका दाबला की बारीक, जोरात दाबला की जाड. आन् हे लेअर, एकावर एक काचा ठेवल्यावानी. एकीवरचं पुसलं तर दुसरीला धक्का लागत न्हाई."

बजरंगनं आधी रंगाला हात लावला नाही. नुसत्या राखाडीत उजेड कुठं, सावली कुठं, ते धरलं. डोळ्यांच्या खोबणी, वर आलेली गालफाडं, दात पडल्यानं आत गेलेले ओठ. मग त्यावर दुसरी काच आणि तिच्यावर रंग, पाण्यासारखा पातळ. एका तपकिरीत काही माय बसेना. गालावर उन्हाची तांबूस झाक लागली, डोळ्यांखाली जांभळट, गळ्यापाशी पदराखालची उजळ. भिंतीवर आपण रंग वरून चढवतो. इथं तव्यावरची भाकर फुगावी तसं तोंड आतून वर येऊन राहिलं होतं. त्याला चहाची शुद्ध राहिली नाही.

पण सवय मोठी वाईट. कार्डाच्या फोटोत हनुवटीवर काही डाग दिसत होते, धूळ बसल्यासारखे. हजार वेळा पुसलं तसं याही वेळी बोटानं आपसूक सोडून दिलं. जाता जाता सुरकुत्या विरघळवल्या आणि रंगही जरा उजळला.

वरसाच्या आदल्या दिवशी अर्धापूरहून मौशी आली, मायची थोरली बहीण सरजाबाई. केळीच्या दोन फण्या घेऊन. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा होता. मायला लहानपणापासून पाहिलेलं हे एकच माणूस आता उरलेलं. बजरंगनं टॅब तिच्या मांडीवर ठेवला.

मौशीनं चष्मा वर केला. "बाई लई देखणी हाय. कुणाची सून म्हनायची?"

आरती फिसकन हसली. बजरंगचं तोंड उतरलं. "मौशी, माय हाय ती."

"हॅट्! हिनं जन्मात कापूस येचला न्हाई. आन् गोंदण कुठं गेलं?"

बजरंगनं कार्डावरचे ते डाग पुन्हा पाहिले. आपल्याच मायचं गोंदण डाग म्हणून पुसलं!

"माळेगावच्या जत्रेत दोघी संगंच बसलो व्हतो," मौशी सांगू लागली. "मी पाच ठिपके दात खाऊन काढून घेतले. गोदी तिसऱ्यालाच बोंबलत पळाली आन् रेवडीवाल्याच्या मागं लपून बसली. म्हून तिला तीन, मला पाच."

त्यानं गडबडीनं हनुवटीवर तीन हिरवे ठिपके दिले. मौशीनं मान हलवली. "ह्या तर टिकल्या चिकटवल्यास. हिकडं बघ." तिनं आपल्या हनुवटीचं कातडं चिमटीत ताणलं. "गोंदण वर नसतंय, बाबा. सुई आत जाती, काजळी आत ऱ्हाती, आन् वरून कातडं भरून येतंय. हिरवं दिसतंय ते आतून."

बजरंग तिच्या हनुवटीकडं बघतच राहिला. आजवर त्यानं रंग फक्त वर चढवलेला. त्यानं कातड्याच्या काचेखाली एक नवी काच सरकवली. तिच्यावर काळपट हिरवे तीन ठिपके दिले, कडा किंचित पसरट. मग वरचं कातडं तेवढ्यापुरतं विरळ केलं. थोडं. आणखी थोडं. पुसलेल्या सुरकुत्या एकेक करून परत आणल्या, ऊन परत आणलं.

आणि ठिपके खालून उगवले. त्यांच्यामागं हनुवटी आली, हनुवटीमागं ओठांची ती मुडप, आणि बघता बघता सगळी मायच वर आली, आता "बजरंगा, जेवलास का" म्हणंल अशी. आरतीचं हसू कुठल्या कुठं गेलं. हे आपल्या हातून झालं, हे बजरंगला खरंच वाटेना.

"मौशी?"

मौशीनं चष्मा काढून बाजूला ठेवला. "गोदे," म्हणाली, "किती पळशील गं?" आणि दोन्ही हात काचेवर ठेवून बहिणीच्या गालांवरून फिरवले. हात बाजूला सरले तसं चित्र मोठं होत गेलं; गोदावरी जवळ, आणखी जवळ आली.

"आली की रे!" मौशी दचकून म्हणाली. दोन्ही हात उचलून तिनं आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.